मनकर्णाबाईचा अंगठा

मोहगावच्या मराठी शाळेत माझी बदली झाली तेव्हा बिऱ्हाड मनकर्णाबाईच्या शेजारी मिळालं. पहिल्याच सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि पलीकडून अशी रडारड ऐकू आली की मला वाटलं, घरातलं कोणी गेलं. धावत बाहेर आले. पाहते तर ओसरीत तीन-चार बाया कडेवर पोरं घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या, आणि एक पोरगं मनकर्णाबाईनं दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलेलं. तिचा उजवा अंगठा त्याच्या तोंडात मुळापर्यंत गेलेला.

"अवो मास्तरीणबाई, उभ्या काऊन? या, बसा," ती मला म्हणाली. अंगठा तिथंच.

तोंडावर मी तिला ‘तुम्ही’च म्हणायचे, पण लिहायला बसले की ती ‘ती’च येते. तर ती पडजीभ उचलायची. घसा दुखला, गिळवेना, बोलवेना, की पडजीभ खाली उतरली असं आमच्या भागात धरून चालतात. मग ती वर बसवायची. चुलीतली राख आणि हळद अंगठ्याला लावायची, तो घशात मागपर्यंत घालायचा आणि पडजीभ वर दाबायची. पोर ओकारी देतं, हातपाय झाडतं, तोंडातून चिकट लाळ येते, डोळ्यांना धारा लागतात. मग गुळाचा खडा हातावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पोर भाकर मागतं आणि मनकर्णाबाईचं नाव आणखी एका घरात होतं.

तिचे दोन नियम होते. पुढचे आठ दिवस खट्टं खायचं नाही, आणि सुई टोचून घ्यायची नाही. सुई टोचली की उचललेली पडजीभ परत खाली उतरते, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं आणि तिनं अख्ख्या मुलखाला. कारण विचारलं तर म्हणायची, "सुईनं आंग ढिलं पडते." यावर कोण काय बोलणार? मी बी.ए. झालेली, बी.एड. झालेली. घसा बसला आणि शाळेत आवाज फुटेना, तेव्हा मीसुद्धा तिच्यापुढं तोंड उघडून बसले. आठ दिवस संत्र्याकडं पाहिलं नाही.

आणि संत्र्याकडं न पाहणं आमच्याकडं सोपं नाही. दिवाळीनंतर संत्र्याचा आंबिया बहार तोडायला येतो. जिकडं पाहावं तिकडं बगिच्यांतून ढीग, गाड्या, पेट्या, गवताचा वास. पोरं दिवसभर संत्री खातात. त्याच थंडीत पोरांचे घसे धरतात. लोकांनी दोन आणि दोन चार केले. संत्र्यानं घसा धरतो. ज्यांचं पोट संत्र्यावर, त्यांच्याच घरात पोरांना संत्र्यावरून मार. एका खोलीत, एका गोधडीखाली चार-चार पोरं झोपतात, एका गडव्यानं पाणी पितात, एक खोकलं की सगळी खोकतात, हे कोणाच्या डोक्यात यायचं नाही. माझ्याही नाही.

मनकर्णाबाईचा नवरा तरुणपणीच वारला होता. बगिचा तिनं एकटीनं उभा केला, बैल हाकले, पाणी दिलं, एकुलता मुलगा श्रावण वाढवला, त्याला पांढुर्ण्याची उर्मिला करून आणली. बोलायला फटकळ. व्यापारी संत्र्याच्या भावात खेचाखेच करायला लागला की अशी काही त्याच्या घराण्यावर उतरायची की तो हात जोडायचा. पण कोणाचं लेकरू घसा धरून आलं की ताटावरून उठायची. कोणाकडून काही घ्यायची नाही. नारळसुद्धा नाही. लोधीखेड्याहून लोक बैलगाडीनं पोरं आणत. या अंगठ्यानं तिला गावात जो मान दिला होता तो बगिच्यानं दिला नव्हता, आणि तिला तो आवडत होता. का आवडू नये?

तिची नात स्मिता माझ्या वर्गात होती, चौथीत. गव्हाळ, काटकुळी, दोन वेण्या, अखंड बडबड. कविता म्हणायला उभी केली की दुसऱ्या कडव्यात स्वतःच्याच मनाचं घालायची आणि वर मला पटवून द्यायची की तेच बरं आहे. आजीची फार लाडकी. आजीच्या कुशीत झोपायची, आजीच्या ताटात जेवायची. आजीचा मारही तिलाच सगळ्यात जास्त, कारण दर हिवाळ्यात तिचा घसा धरायचा आणि दर हिवाळ्यात ती चोरून संत्री खायची.

सन त्र्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात घसा आला तो तापासकट. अंग चुलीसारखं. आजीनं पडजीभ उचलली, पाठीत दोन धपाटे घातले, "खाशील पुन्हा संत्रं?" म्हणून कबूल करून घेतलं. तीन-चार दिवसांत पोरगी उठली, खेळायला लागली. झालं गेलं विसरलो.

मग काही आठवड्यांनी ती शाळेत लंगडत आली. गुडघा सुजला होता. झाडावरून पडली असेल म्हणून आजीनं मोहाच्या तेलानं चोळलं. गुडघा उतरला तर घोटा सुजला. घोटा उतरला तर मनगट. पेन्सिल धरवेना. अंगात बारीक ताप. आणि एक दिवस फळ्यापाशी बोलावलं तर तेवढ्या अंतरात तिला धाप लागली. मी संध्याकाळी तडक मनकर्णाबाईच्या ओसरीत गेले.

"हिला सौंसरला डॉक्टरकडं न्या."

"वात हाय. तेल लावून राहिलो ना मी."

"वात म्हाताऱ्यांना होतो. ही दहा वर्षांची पण नाही."

"मास्तरीणबाई, तुमी शाळा पाहा. लेकरं मी पाहतो."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, न्यायची नसेल तर उद्या मी तिला शाळेतून परस्पर नेते, मग तुम्ही काय करायचं ते करा. श्रावण मध्ये पडला म्हणून थांबलं, नाही तर त्या दिवशी आमचं कायमचं फाटलं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी बसमध्ये होतो. मनकर्णाबाई सगळ्या रस्त्यात माझ्याशी बोलली नाही.

सौंसरच्या बसस्टँडजवळ अनिल डॉक्टरांचा दवाखाना नवाच निघाला होता. तरुण माणूस, तुटक बोलायचा. त्यानं स्मिताच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग नळी काढली.

"सांधे सुजायच्या आधी काय झालं होतं?"

"काहीच नाही," उर्मिला म्हणाली.

"घसा?"

"घसा तं आला होता. पण थो बरा झाला. आत्याबाईनं उचलला."

डॉक्टरनं मनकर्णाबाईकडं पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढून तो सावकाश बोलायला लागला.

"सगळे घसे सारखे नसतात. बहुतेक सर्दीचे असतात. नाक गळतं, खोकला येतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि आराम, एवढ्यानं जातात. त्यांना सुई लागत नाही. पण एक घसा वेगळा. एकदम ताप, गिळताना जीव जातो, खोकला नाही, आतल्या गाठींवर पांढरे ठिपके, जबड्याखाली गाठी. तो एका जंतूचा असतो. आणि गंमत अशी की तोही औषधाशिवाय दुखायचा थांबतो. तिथंच माणूस फसतं. शरीर त्या जंतूशी लढायला उठलेलं असतं. एखाद्या लेकरात ते भान हरवतं, स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, काळजावर उठतं. काळजात झडपा असतात, त्या सुजतात. सांधे बरे होतील. एक झडप मात्र बिघडली आहे."

"तेव्हाच औषध दिलं असतं तर?" मी विचारलं.

"दहा दिवस पेनिसिलिन पोटात गेलं असतं, तर बहुतेक इथवर आलं नसतं."

मनकर्णाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "संत्र्यानं झालं का जी?"

"संत्र्याचा काही संबंध नाही, आजी. खाऊ द्या तिला संत्री."

"मंग माया अंगठ्यानं?"

"अंगठ्यानं झालं असं मी म्हणणार नाही. पण अंगठ्यानं थांबलंही नाही. घसा आपसूक बरा होतो आणि अंगठ्याचं नाव होतं. आणि एका लेकराच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात हात गेला तर जंतू काय मागं राहतो?"

मग त्यानं उर्मिलाला समजावलं. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, निदान ती मोठी होईपर्यंत. एकही चुकवायची नाही. पुन्हा तसा घसा आला आणि अंगावर काढला, तर ही झडप सोसणार नाही. त्यानं हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तो मनकर्णाबाईकडं पाहत होता.

परतीच्या बसमध्ये स्मिता आजीच्या मांडीवर झोपली होती. सुई फार दुखली होती, गालावर अश्रू वाळले होते. मनकर्णाबाई खिडकीबाहेर बघत पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते. कान दिला तर नावं पोरांची होती. नत्थूजीचा मोठा. सुताराची नात. लोधीखेड्याची जुळी. मध्येच थांबून माझ्याकडं वळली.

"त्या सुताराच्या नातीले पुढं दम लागत होता, आठवते का तुमाले? पोरगी गेली. आमी म्हटलं, नजर लागली."



दुसऱ्या दिवसापासून तिनं अंगठा बंद केला. ओसरीत आलेल्या बायांना म्हणाली, "सौंसरले न्या. मी नाही लावत." त्यांना वाटलं, म्हातारीचा मूड नाही. आठवडाभरात कळलं की ती खरंच लावत नाही, तेव्हा गावाचा चेहरा बदलला. वर ती घरोघर हिंडायला लागली. ज्या ज्या घरातलं पोर तिच्या गुडघ्यांत येऊन गेलं होतं, त्या घरी जाऊन विचारायची, "लेकराचे सांधे दुखतात का? पळताना दम लागते का? डॉक्टरले दाखवून या ना बाप्पा, एकडाव." हात जोडायची. ती, जिनं उभ्या आयुष्यात कोणापुढं हात जोडले नव्हते.

लोक हसले. धडधाकट पोरांना डॉक्टरकडं कशाला न्यायचं? कोणी म्हणालं, बुढीचं डोकं सटकलं. कोणी म्हणालं, डॉक्टरनं तिला फोडलं, गिऱ्हाईकामागं काही देतो. ज्या बाईनं जन्मात कोणाचा नारळ घेतला नाही तिच्याबद्दल हे! मी दोघा-तिघांना रस्त्यात धरून झाडलं, पण माझं कोण ऐकतं, मी तर बाहेरची. तिच्या अंगठ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की तिच्या शब्दावर विश्वास ठेवायला जागाच उरली नव्हती.

किराणावाल्याची बायको प्रेमलता आपल्या धाकट्या उषाला घेऊन आली, तिलाही मनकर्णाबाईनं परत पाठवलं. प्रेमलता दारातच कडाडली. "माया मोठ्या दोघाचे उचलले, आता हिचाच काऊन नाही? अंगठा का तुमच्या एकटीलेच देला देवानं? आमाले बी हाय."

ती खरं तेच बोलली. वर्षानुवर्षं ओसरीत बसून सगळ्या बायांनी पाहिलंच होतं. राख कुठली, हळद किती, दाबायचं कुठं. मनकर्णाबाईनं एक अंगठा बंद केला आणि घरोघरी अंगठे निघाले. सोबत तिचे दोन्ही नियम, जसेच्या तसे. हे तिला कळलं तेव्हा ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

स्मिताची सुई मात्र ती चुकू देत नव्हती. दिवस आला की सकाळीच आंघोळ करून तयार. पोरगी आदल्या दिवसापासून धास्तावायची, पलंगाखाली लपायची. सुई दिली की दोन दिवस नीट बसता येत नसे. आजी तिला बाहेर काढायची, शिव्या घालायची, मग वाटेत सौंसरच्या बाजारात संत्रं सोलून एकेक फोड तिच्या तोंडात भरवायची. मी एकदा सोबत होते. ती फोड भरवताना आजीच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

उन्हाळा गेला. पोरगी भरली. धाप कमी झाली, वेण्या उडवत पुन्हा पळायला लागली. श्रावण म्हणू लागला, "आता कायले तरास देऊन राहिले लेकराले? चांगली तं झाली." आजी त्याच्यावर वसकन ओरडायची, "चांगली दिसते म्हणूनच भेव वाटते मले."

पोळ्याला उर्मिला स्मिताला घेऊन पांढुर्ण्याला माहेरी गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची गोटमार असते, सारा मुलूख लोटतो, त्यामुळं ती झाली की निघायचं ठरलं होतं. पण उर्मिलाची आई तापानं पडली. घरात दुसरं कोणी बाईमाणूस नाही. उर्मिला राहिली. सुईचा दिवस आला. मनकर्णाबाईनं श्रावणच्या मागं लकडा लावला, "आण पोरीले." तो म्हणाला, चार दिवसांनी काय बिघडते. कपाशीवर फवारणी चालू होती. ती स्वतः निघाली तर जोराच्या पावसानं नाल्याला पूर, बस बंद. मग पाऊस उघडला, तर निरोप आला की आईला उतार पडतो आहे, दोन-तीन दिवसांत येतोच. असे ते दिवस गेले.

नंतर जो निरोप आला तो पांढुर्ण्याहून संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरनं आणला. पोरीला श्वास घेता येत नाही, लवकर या. श्रावण फवाऱ्याचा पंप बांधावर टाकून तसाच निघाला. मी शाळेला कुलूप लावून मनकर्णाबाईबरोबर गेले. ती बसमध्ये उभीच होती, बसायला जागा असून.

स्मिता खाटेवर बसून होती. आडवं पडलं की गुदमरायची, म्हणून पुढं उशी घेऊन तिच्यावर हात टाकून बसलेली. पाय सुजलेले. मानेवरची शीर उडताना लांबून दिसत होती. पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं सुई देऊन नागपूरला न्या म्हणून सांगितलं होतं, आम्ही पोचलो तेव्हा निघायचीच तयारी चालली होती. तिनं आजीला पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, माई सुई चुकली."

"हो माय."

"म्या नाही लपली या टायमाले."

मी तिथून बाहेर अंगणात आले. मला ते ऐकवेना.

दुपारच्या गाडीनं आम्ही नागपूरला नेलं. मोठ्या दवाखान्यात त्यांनी नाकाला नळी लावली, औषधं दिली, धावपळ केली, जे करायचं ते सगळं केलं. झडप आता पार बिघडली होती, काळजाला सूज होती. दोन दिवस ती बसून राहिली. बोलायला दम पुरत नव्हता, तरी नर्सबाईला तिनं तिचं नाव विचारलं, गाव विचारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आजीच्या छातीला टेकून बसलेली असतानाच गेली. मनकर्णाबाईला बराच वेळ कळलंच नाही. ती तिच्या पाठीवरून हात फिरवतच राहिली.

गावी आल्यावर सगळं झालं, माणसं पांगली, तेव्हा उर्मिलानं सांगितलं. ती कोणावर आळ घेत नव्हती. नुसतं सांगत होती, घडलं तसं.

"घसा धरला होता तिचा तिकडं. तापही होता. थुका गिळे ना. रडून राहिली होती. मले काही सुचलंच नाही, आत्याबाई. तुमी करत होत्या तसंच केलं मी. राख लावली, हळद लावली, उचलला. सकाळी लेकरू चाय प्यालं. मले वाटलं, झालं बाप्पा. मंग सुईची घाई केली नाही मी. उचलल्यावर सुई नाही लावत ना. तुमीच म्हणत होत्या."

श्रावण उठून बाहेर गेला. मी मनकर्णाबाईकडं पाहिलं. आता ही काय बोलेल, ओरडेल, डोकं आपटून घेईल, की सुनेवर धावून जाईल? ती एवढंच म्हणाली, "हो. मीच म्हणत होती." आणि सुनेजवळ सरकून बसली. तेव्हापासून उर्मिला बोलायची थांबली. रडलीही नाही. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसून असायची. भाकर पुढं ठेवली तर खायची, नाही ठेवली तर नाही.

सुतक फिटलं नव्हतं. त्या घरात चूल पेटत नव्हती म्हणून सकाळी मी झुणका-भाकर घेऊन गेले होते, आणि प्रेमलता आली. कडेवर उषा. चेहरा उतरलेला, पोरीचं नाक वाहतं, खोकून खोकून डोळे लाल.

"सुतक हाय, मले मालूम हाय," ती दारातूनच म्हणाली. "पण तीन दिवसांपासून खाऊन नाही राहिली. मी उचलून पाहिली, माया हातानं नाही झालं. तुमचाच हात पाहिजे. अंगठ्याले काय सुतक असते?"

काय बोलावं अशा बाईला? त्या घरात, त्या दिवशी! मी तोंड उघडणार तोच मनकर्णाबाई म्हणाली, "जाय वो बाई, सौंसरले ने तिले. मी पाया पडतो तुया." आणि खरंच वाकली. प्रेमलतेनं तिचा हात धरला, उजवाच, आणि जबरदस्तीनं पोरीच्या तोंडाकडं ओढायला लागली. पोरगी किंचाळली. म्हातारी हात सोडवून घेत होती, हा हिसका, तो हिसका, आणि दोघी रडत होत्या.

कोपऱ्यातून उर्मिला उठली. तिनं प्रेमलतेच्या कडेवरून उषाला काढून घेतलं, आपल्या कडेवर घेतलं आणि उंबरा ओलांडून चालू लागली. अनवाणी, केस मोकळे, सुतकातली बाई. लोक दारात येऊन पाहायला लागले. प्रेमलता ओरडत मागं, तिच्या मागं मनकर्णाबाई, शेवटी मी. ती तशीच सौंसरच्या बसमध्ये चढली, मागोमाग आम्हीही. कंडक्टरनं काही विचारलं नाही. उर्मिलाच्या तोंडाकडं पाहून त्यानं तिकीटही फाडलं नाही.

अनिल डॉक्टरांनी उषाचं तोंड उघडून बॅटरीनं पाहिलं. जबड्याखाली दोन्हीकडं बोटं फिरवली. छाती ऐकली. ताप पाहिला. मग आमच्याकडं वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

"काळजी नको. हा सर्दीचा घसा आहे. खोकला आहे, नाक गळतं आहे, ठिपके नाहीत, गाठी नाहीत. आतून थोडं सोललं आहे ते अंगठ्यानं. कोमट पाणी, गुळण्या. सुई लागणार नाही."

"सुई लावा," उर्मिला म्हणाली. त्या दिवशी सगळं सांगून गप्प झाल्यानंतरचा तिचा हा पहिला शब्द.

"ताई, गरज नाही. हा घसा आपोआप बरा होईल."

"लावा सुई!"

"अहो, आपोआप—"

"माया पोरीचाही आपोआप बरा झाला होता!"

ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेर बसलेले रोगी उठून उभे राहिले. उषा भेदरून तिच्याच गळ्याला बिलगली. डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. त्यांना सगळं ठाऊक होतं, नागपूरहून कळलंच होतं. ते तिला पुन्हा समजावायला लागले. हा वेगळा, तो वेगळा, उगाच सुई देणंही बरं नाही, दोन दिवसांत ताप वाढला तर परत आणा, मी लगेच देईन. बोलता बोलता त्यांचाच आवाज बसत गेला. ती ऐकत नव्हती. तिला कुठलाही घसा आता साधा वाटणार नव्हता, आणि तिला तसं कोण म्हणू शकत होतं?

मनकर्णाबाई पुढं झाली. "उर्मिले, डाक्टर म्हणते तं खरं हाय. थ्या टायमाले यांनी सांगतलं तेही खरंच होतं." हे म्हणताना तिनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला नाही, नुसती जवळ उभी राहिली. उर्मिलानं एकेक बोट सोडवत उषाला गळ्यापासून वेगळं केलं आणि तिच्या आईकडं दिलं.

"दोन दिवसांनी आणशील?" तिनं विचारलं.

प्रेमलता मान हलवत होती. तिला काय कळलं, किती कळलं, मला सांगता येणार नाही.

"ताप असो नसो, आणशील?"

"आणतो ना वो बाई. आणतो."

प्रेमलता पोरीला घेऊन बसकडं गेली. उर्मिला दवाखान्याच्या पायरीवर बसली. मी म्हटलं, "चला, घरी जाऊ, श्रावण वाट पाहत असेल."

"तुमी जा, मास्तरीणबाई. मी इथंच बसतो. दोन दिवसांनी थ्या पोरीले पाहिल्याबिगर मी उठत नाही."

मी मनकर्णाबाईकडं पाहिलं, ही तरी समजावेल म्हणून. ती पदर सावरून सुनेच्या शेजारी पायरीवर बसली. डॉक्टरांनी आतून दोन पेले पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मोहगावची बस हॉर्न वाजवून निघून गेली. मग मीही बसले.